ओवाळणीतला फोन

मला भाऊ नाही. आम्ही तिघी बहिणीच. रायगडातल्या आमच्या गावात भाऊबिजेला घरोघरी पाट मांडले जायचे, तेव्हा आई आमच्या हातात तबक देऊन आम्हाला अंगणात उभं करायची. ज्यांना भाऊ नाही त्या बायका त्या दिवशी चंद्राला ओवाळतात. बिजेची कोर असते ती, नखाएवढी, दिसली म्हणेपर्यंत डोंगराआड जाते, त्यामुळे दरवर्षी आमची धावपळ. धाकटी एकदा हटून बसली, की सगळ्यांना ओवाळणी मिळते आणि आपल्यालाच का नाही. आईने कनवटीचं नाणं काढून तबकात टाकलं आणि म्हणाली, "ही बघ, दिली त्याने." धाकटीला पटलं. मला पटलं नाही.

पुढे लग्न होऊन मी मीरा रोडला आले. आई-वडील गेले, गावचं घर चुलत्यांच्या वाट्याला गेलं, बहिणी आपापल्या संसारात रमल्या. माहेर म्हणून जायला जागा उरली नाही. याचं मी फार अवडंबर माजवत नाही, अशा बायका आमच्या बिल्डिंगीत मजल्यामजल्यावर आहेत. पण दिवाळी आली की मी चिडचिडी व्हायचे आणि नवरा शहाणपणाने गप्प राहायचा. तबक मात्र कधी चुकवलं नाही. सिल्व्हर पार्कातल्या आमच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर जायचे आणि दोन टॉवरांच्या फटीतून जी काय कोर दिसेल तिला ओवाळून यायचे.

अशाच एका भाऊबिजेला ऐन वेळी काडेपेटी संपली. कोर बुडेल या घाईत मी तबक हातात घेऊनच खाली वाण्याकडे गेले. वाण्याच्या शेजारी तेव्हा नुकतंच एक मोबाइलचं दुकान उघडलं होतं. रिचार्ज, कव्हरं, दुरुस्ती, जुने फोन घेणं आणि विकणं. दुकानदार आमच्याच तालुक्यातला, माझ्याहून लहान. मी एकदा तिथे उभी राहून बहिणीशी फोनवर बोलत होते, तेव्हा माझं बोलणं ऐकूनच त्याने ओळखलं होतं, "ताई, तुम्ही आमच्या साइडच्या ना?" तेवढीच ओळख. त्या दिवशी तबक बघून त्याने विचारलं, "हे घेऊन कुठे चाललात?"

"गच्चीवर. चंद्राला ओवाळायला. आम्हाला भाऊ नाही."

"काय बोलतेस, ताई!" तो म्हणाला. "मग मी काय मेलोय का?"

तुम्हीवरून तूवर तो त्या एका वाक्यात आला. काउंटरच्या बाहेर येऊन स्टुलावर बसला, डोक्यावर रुमाल टाकला आणि कपाळ पुढे केलं. वाण्याने काडेपेटी दिली. दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांच्या धुरात, मी त्याला कुंकू लावलं आणि ओवाळलं. ओवाळणी म्हणून त्याने एक लालभडक कव्हर तबकात टाकलं, जे माझ्या फोनला बसत नव्हतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि सांगता सांगता रडले. असं रडू मला लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

तेव्हापासून चंद्राला सुट्टी मिळाली.

मी हाटकेशला एका गाळ्यात पॅकिंगला आहे. औषधांच्या बाटल्या येतात, त्यांना लेबलं लावायची, खोक्यात भरायच्या, टेप मारायची. दिवसभर सगळं हिंदीत. सुपरवायझरशी हिंदी, शेजारणीशी हिंदी, भाजीवाल्याशी हिंदी, वॉचमनशी हिंदी. नवऱ्याशी मराठी, पण तो मुळातच बोलत नाही. संध्याकाळी परतताना मी दुकानात डोकवायचे. तो स्टूल पुढे सरकवायचा, समोरच्या टपरीवरून कटिंग मागवायचा आणि आमच्या गप्पा सुरू व्हायच्या. गावाकडे कोणाचं लग्न ठरलं, कोणाची विहीर आटली, कोण कोणाशी भांडलं. तिथे बसलं की जीभ सैल व्हायची, आणि खांदेसुद्धा. घरी यायला उशीर झाला की नवरा विचारायचा, "काय, माहेरी जाऊन आलीस वाटतं?" तो चेष्टा करायचा आणि मला बरं वाटायचं. गाळ्यातल्या बायकांनाही मी सांगून ठेवलं होतं, की माझ्या भावाचं मोबाइलचं दुकान आहे. मानलेला हा शब्द मी हळूहळू गाळत गेले.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत त्याने ओवाळणीत फोन घातला. परदेशी, महागडा, काळा कुळकुळीत. नवा नव्हता, पण नव्याच्या वरताण दिसत होता. मी घाबरून हात मागे घेतला.

"अरे, हा कसला? परवडणार आहे का तुला?"

"तू घे गं. बाहेरून आलाय. एकदम ओपन आहे, ताई, कुठल्याही कंपनीचं सिम टाक, चालतंय. मीच लावून देतो."

त्याने पिनेने खाच उघडली, माझं सिम काढून त्यात घातलं, खाच बंद केली आणि फोन माझ्या हातात दिला. नवऱ्याने त्याच फोनवर आमचा फोटो काढला. भावाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा, डोक्यावर रुमाल, माझ्या हातात तबक, दोघांच्याही चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड. तो फोटो मी पडद्यावर लावून टाकला. बटण दाबलं की आधी आम्ही भाऊ-बहीण दिसायचो, मग वेळ.

मला त्या फोनचा माज चढला होता, हे कबूल करायला हरकत नाही. गाळ्यात जेवणाच्या सुट्टीत मी तो डब्याशेजारी मुद्दाम उताणा ठेवायचे.

वर्षभर तो सुरळीत चालला. मग आमच्या गाळ्याच्या बाजूला नवीन इमारत उठली आणि माझ्या सिमची रेंज गेली. मी पत्र्याखाली बसलेली, मला फोन लागेना. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो, शाफ्टमध्ये उतरतो. त्याचा फोन यायची वाट मी रोज बघते, कारण आत उतरण्याआधी आणि वर आल्यावर तो मला एकेक मिस्ड कॉल देतो. ते मिस्ड कॉल येईनासे झाल्यावर माझा जीव कामात लागेना. शेजारी बसणारीच्या सिमला मात्र भरपूर रेंज. मी तिच्या कंपनीकडे जायचं ठरवलं. नंबर तोच, कंपनी दुसरी, हल्ली ते घरबसल्या होतं. नवं सिम घरी आलं आणि एका सकाळी जुनं बंद पडलं.

आता यासाठी भावाला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मीच कानातल्याच्या तारेने ती खाच उघडली. जुनं सिम निघालं आणि त्याला खालून चिकटलेला एक पातळ पापुद्रा. पिवळसर, सिमच्याच आकाराचा, कागदासारखा लवचीक. मी पॅकिंगमधली बाई. माझ्या हाताला वस्तूला चिकटलेलं काहीही सोलून काढायची सवय. वाटलं, नवेपणाचं प्लास्टिक राहून गेलंय. नखाने काढलं आणि दुधीच्या सालांबरोबर कचऱ्यात टाकलं. कचरेवाला घेऊनही गेला.

नवं सिम घातलं. फोनने इंग्रजीत सांगितलं, की हे सिम चालणार नाही. जुनं घालून बघितलं, तेही नाही. नवऱ्याचं घातलं, तेही नाही. आमच्या घरातलं एकही सिम त्या फोनला चालेना.

मी दुकानात गेले. भावाने खाच उघडून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "खालची चिप कुठे गेली?"

"कुठली चिप?"

तेव्हा त्याला सांगावं लागलं. तिकडच्या देशात कंपन्या हप्त्यावर फोन देतात आणि त्याला कुलूप घालतात. त्या कंपनीचं सोडून दुसरं सिम त्यात चालत नाही. ते कुलूप त्या कंपनीनेच काढायचं असतं, आणि तेही ज्याच्या नावावर फोन आहे त्याने मागितलं तरच. असे कुलूपबंद फोन इकडे ढिगाने येतात. मग सिमखाली ती पातळ चिप बसवायची. चिप फोनला सांगते, की हे आपल्याच कंपनीचं सिम आहे, आणि फोन विश्वास ठेवतो.

"म्हणजे तो कधी ओपन नव्हताच," मी म्हटलं.

"चालत होता ना, ताई? वर्षभर काय प्रॉब्लेम आला का?"

"पण तू ओपन म्हणालास."

"अगं, धंद्यात तसंच बोलतात." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. एक माणूस आहे, तो तिकडच्या कंपनीकडनं कायमचं खोलून देतो. ठेवून जा. करतो मी."

मला वाईट वाटलं. धंद्यात गिऱ्हाइकांशी तसं बोलत असतील, पण मी ओवाळत होते, खरेदी करत नव्हते. तरी घरी येताना मी त्याचीच बाजू घेतली. बिचाऱ्याने आपल्या ऐपतीत जमेल ते दिलं, आपणच मेलं सोललं. नवऱ्याला चिपचं सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं असतं तर तो नुसता हसला असता, आणि ते मला नको होतं.

आठवडा उलटला तरी फोन आला नाही, म्हणून एका संध्याकाळी गाळ्यावरून परस्पर दुकानात गेले. पायरी चढले आणि थबकले. काउंटरवर दहा-बारा फोन ओळीने मांडलेले. त्यांच्यासमोर साध्या कपड्यातले दोन पुरुष, बुटांवरूनच कळत होतं की पोलीस आहेत. बिलाशिवायचे फोन कुठून येतात याची चौकशी त्या आठवड्यात सगळ्याच दुकानांत चालू होती. आमच्याच बिल्डिंगीतली एक बाई रिचार्जसाठी येऊन कोपऱ्यात अडकली होती. माझं स्टूल उलटं करून भिंतीला लावलेलं.

त्या ओळीत माझा फोन होता. पडदा काळा होता, पण कडेच्या चऱ्यावरून मी ओळखला. त्यातल्या एकाने नेमका तोच उचलला आणि विचारलं, "और ये? इसका बिल किधर है?"

भावाने मान वर केली. त्याला मी दिसले. मला अजून आठवतं, त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. मला वाटलं, ताई आली म्हणून.

"साहब, ये तो इस मॅडम का है," तो म्हणाला. "अनलॉक करने के लिए लायी थी. मैंने मना किया. मैं ऐसा काम करता ही नहीं. मॅडम, बोलो ना आप, कहाँ से लिया?"

मॅडम. आणि हिंदीत. इतक्या वर्षांत त्याने माझ्याशी हिंदीचा एक शब्द काढला नव्हता. ज्या दुकानात मी दिवसभराची हिंदी उतरवून ठेवायला यायचे, तिथेच उभं राहून तो मला विचारत होता, की हा फोन तू कुठून आणलास.

माझ्या कानशिलात कोणी वाजवली असती तर कमी लागलं असतं. मला खोटं वाटतंय, आपण चुकीचं ऐकलं, असं काही झालं नाही. मला लगेच कळलं. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, पण ती विनवणी मला खरं गिळून टाकायला सांगत होती.

तो दुसरा पोलीस माझ्याकडे वळला. माझ्या कपाळावरची टिकली, हातातल्या बांगड्या बघून मराठीत म्हणाला, "बाई, कुठून घेतला हा फोन?"

खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. तेही नको, बटण दाबलं असतं तरी झालं असतं. पडदा उजळला असता आणि त्यावर हा शहाणा दिसला असता, कपाळावर टिळा, डोक्यावर रुमाल, माझ्या तबकासमोर. मी पुढे होऊन पोलिसाच्या हातून फोन घेतला आणि पडदा तळहातावर पालथा धरला. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्याच्यासाठी धरला असं म्हटलं तर मी फार थोर ठरेन. त्या फोटोतल्या बाईची मला लाज वाटली, हे जास्त खरं.

"भावाने दिला," मी म्हटलं. "ओवाळणीत."

"भाऊ कुठे असतो?"

माझा भाऊ हातभर अंतरावर उभा होता. चार्जरची वायर बोटांना गुंडाळत होता.

"लांब असतो," मी म्हटलं.

फोन बाहेरचा, त्यामुळे पोलिसाने भाऊही बाहेरदेशी धरला आणि तसं बोलूनही दाखवलं. फोनमधला नंबर कुठेतरी कळवून तपासला, चोरीची तक्रार निघाली नाही. माझं नाव आणि पत्ता लिहून घेतला, यापुढे बिल जपून ठेवा म्हणून सांगितलं. बिल्डिंगीतली बाई आ वासून बघत होती. मी फोन पिशवीत टाकला आणि पायरी उतरले. मागून कोणी ताई म्हणून हाक मारली नाही. पोलीस होते ना अजून.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं, चिपसकट. तो हसला नाही. उठला आणि चहा टाकला, जो त्याने आमच्या संसारात क्वचितच टाकला असेल. थोड्या वेळाने त्याच्याच फोनवर भावाचा फोन आला. नवऱ्याने तो माझ्यापुढे धरला.

"ताई, समजून घे ना. दुकान गेलं असतं माझं. तुला काय केलं असतं त्यांनी? लेडीज बघून सोडतातच. मला माहीत होतं, तू सांभाळून घेशील."

हे शेवटचं वाक्य तो मोठ्या मायेने बोलला. मी फोन नवऱ्याकडे परत दिला. त्याला माहीत होतं. मी त्याला पकडून देणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेवढ्यावरच त्याने मला पुढे केलं. परक्या बाईवर त्याने हे ढकललंच नसतं, ती तिथल्या तिथे बोंबलली असती. बहीण मानल्यामुळेच मी कामाला आले. हे लक्षात आल्यावर मला इतका संताप आला, की मी धुतलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

त्यानंतर मी घरी यायचा रस्ता बदलला. मागच्या फाटकातून आत शिरायचे. स्वस्तातला एक साधा फोन घेतला, त्यात सिम घातलं, नवऱ्याचे मिस्ड कॉल यायला लागले. ओवाळणीतला फोन कपाटात कपड्यांखाली पडून राहिला. राखीपौर्णिमेला तो आला नाही. मीही बोलावलं नाही. गाळ्यातल्या बायकांनी विचारलं, तेव्हा मी भाऊ गावी गेलाय म्हणून सांगितलं.

भाऊबिजेला आला. नवे कपडे, डोक्याला तेल, हातात फोनचा खोका. सीलबंद, वर माझ्या नावाचं बिल डकवलेलं, ते दिसेल असं धरलेलं. दार नवऱ्याने उघडलं.

"ताई, हा बघ," तो म्हणाला. "एकदम नवा. खरंच ओपन आहे, आईची शप्पथ. कुठलंही सिम टाक."

"बसा," मी म्हटलं. "फराळ आणते."

तो चपापला. तो मला तू म्हणायला लागल्यापासून मी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसला. मी चकल्या, लाडू, चिवडा वाढला, पाणी दिलं. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची रीत आमच्यात नाही. तो खात नव्हता, इकडेतिकडे बघत होता. पाट कुठे मांडलाय ते शोधत होता. मग त्याने आपणहून खिशातून रुमाल काढला आणि मांडीवर ठेवला.

तो रुमाल बघून मी जवळजवळ विरघळले. खोटं कशाला सांगू. वाटलं, जाऊ दे, घाबरला असेल, सगळ्यांचीच तंतरते. मी विचारलं, "त्या दिवशी मी आले तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

त्याने थोडा विचार केला. "बरं वाटलं," तो म्हणाला. "म्हटलं, वाचलो."

निदान खरं बोलला. मी देव्हाऱ्याजवळचं तबक उचललं, निरांजन लावलं, काडेपेटी कमरेला खोचली आणि चपला घालून गच्चीचा जिना चढायला लागले.

गच्चीवर फटाक्यांचा धूर होता. पश्चिमेला, उत्तनच्या बाजूला, त्याच दोन टॉवरांच्या फटीत, कोर अजून होती. त्या दिवशी दुकानात अडकलेली बिल्डिंगीतली बाई वाळत घातलेले पापड काढायला आली होती. वाऱ्याने निरांजन विझलं, मी पुन्हा लावलं, हाताचा आडोसा केला आणि चंद्राकडे अक्षता टाकल्या. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. तो दाराशी येऊन थांबला होता, हातात खोका, डोक्यावर रुमाल.

बाईने त्याला बघितलं नाही. ती माझ्या तबकाकडे बघत होती. दुकानातलं बोलणं तिच्या चांगलं लक्षात होतं.

"भाभी, इस बार भी भाई नहीं आ पाया क्या फॉरेन से?" तिने विचारलं.

मी ओवाळणं थांबवलं नाही.

"नहीं," मी म्हटलं. "बहुत दूर रहता है."